५० मीटरला नाणं, १०० मीटरला वाटी : पॉइंट टू-टू रायफलच्या पसरलेल्या ग्रुपचा तपास

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. तीच रायफल, तोच स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण), एकाच पेटीतली काडतुसं. ५० मीटरला पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पडलेल्या भोकांचा झुबका, दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकला जात होता. १०० मीटरला तोच ग्रुप आमटीच्या वाटीएवढा झाला. अंतर दुप्पट झालं तर ग्रुपही दुप्पट व्हावा, हे समजण्यासारखं आहे. इथे तो सव्वातीन पट झाला होता. हा वरचा सव्वा पट कुठून आला ते कळायला २ मार्च २०२५ उजाडलं. साधारण २५० काडतुसं लागली आणि साडेतीन महिने गेले. त्यातले नऊ आठवडे निव्वळ कागदपत्रांचे. निपाणी-चिकोडी भागात रायफल नेमबाजी करणाऱ्या कुणाला हीच अडचण आली असेल, तर त्याचे काही आठवडे तरी वाचावेत म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंचाची; दर गोळीला बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, हाताने मागे-पुढे करायचा. स्कोप नऊ पट, पुढची काच ४० मिलिमीटरची. काडतूस स्टँडर्ड वेगाचं, ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी.

ग्रुप फुटला की हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. इथेही तेच होणार होतं. पण बेळगाव पडलं मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचं गाव, त्यामुळे आपल्या भागातल्या प्रत्येक रेंजवर एखादे निवृत्त फौजी असतातच. त्या दिवशी होते त्या सुभेदारकाकांनी स्टॉकचा, म्हणजे दस्त्याचा, स्क्रू सैल करायच्या आतच थांबवलं. "कागद बघ की आधी. बंदूक कशाला बघायलास?" मी म्हटलं, "काका, कागदावर ग्रुप पसरलेला दिसतोयच की." तर म्हणाले, "पसरलाय खरं, कुठं पसरलाय ते सांग. आडवा का उभा?"

सगळा तपास या प्रश्नावर उभा राहिला. ग्रुपचं माप म्हणून आपण एकच आकडा सांगतो : सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. त्या एका आकड्यात निदानाला लागणारी माहिती मिसळून नाहीशी होते. रुंदी आणि उंची वेगवेगळी मोजावी लागते. त्यासाठी टारगेटवरची उभी रेघ खरोखर उभी हवी. दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा केला आणि रेघ त्याला जुळवूनच टारगेट पिना मारून लावलं. साध्या कागदात भोक फाटतं आणि कडा सापडत नाही. लग्नपत्रिकेच्या जाडीचा कार्ड पेपर मागे पुठ्ठा लावून वापरला की भोक स्वच्छ गोल पडतं. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत कॅलिपरने मोजायचं आणि गोळीची जाडी ५.६ मिलिमीटर वजा करायची. भोक ५.६ पेक्षा जरा लहान दिसतं, कारण गोळी गेल्यावर ताणलेला कागद परत आकसतो. सगळीकडे एकच पद्धत ठेवली तर त्याने बिघडत नाही.

एका ग्रुपवर काहीही ठरवू नका. तीन गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने वीसेक टक्के लहानच पडतो आणि दहाचा पंचवीसेक टक्के मोठा. यात रायफलचा काही गुण-दोष नाही, हे निव्वळ गणित आहे. म्हणून प्रत्येक वेळी पाच गोळ्यांचे पाच ग्रुप काढले आणि सरासरी घेतली. त्या रविवारचे आकडे असे : ५० मीटरला रुंदी १५, उंची १६ मिलिमीटर. १०० मीटरला रुंदी ४४, उंची ६१.

आता ५० मीटरच्या आकड्यांची दुप्पट करून शेजारी ठेवा : ३० आणि ३२. जी चूक कोनाची असते, म्हणजे नळीची मूळ अचूकता, सैल स्क्रू, टेकूच्या बॅगेवरची बैठक, ट्रिगर ओढताना जाणारा झटका, ती अंतराच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट, चूक दुप्पट. बेडिंग (स्टॉकमधली नळीची बैठक) किंवा स्कोप धरणारी रिंग सैल असती तर ५० मीटरलाच ग्रुप दहाच्या नाण्यात मावला नसता. रुंदी ३० च्या जागी ४४ आणि उंची ३२ च्या जागी ६१ आली, याचा अर्थ अंतराच्या वर्गाने वाढणारं काहीतरी मध्ये आहे. दुप्पट अंतराला चौपट होणारं. आणि ते उंचीत जास्त आहे. तरीही रिंगचे स्क्रू एकदा, किती घट्ट ते दाखवणाऱ्या टॉर्क ड्रायव्हरने तपासले. रिंगला १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरतं, स्टॉकच्या स्क्रूंना उत्पादकाने दिलेला आकडा. सगळे जागेवर होते. त्यानंतर रायफलला हात लावला नाही.

१०० मीटरची ही लेन कर्नाटकातलीच, पण निपाणीहून तीन तास लांब, आणि महिन्यातून एकाच रविवारी मिळणारी. आपल्याला जवळची पडते ती कोल्हापूरच्या बाजूची रेंज. इथे परवान्याचा प्रश्न येतो. परवान्यावर 'क्षेत्र' असा रकाना असतो. त्यात फक्त कर्नाटक लिहिलेलं असेल तर कोगनोळीचा टोलनाका ओलांडून दूधगंगा पार केली की तो परवाना त्या रायफलला लागू नाही. मग रायफल रिकामी असो, पेटीत बंद असो, गुन्हा तो गुन्हाच. सीमाभागातल्या कितीतरी परवानाधारकांनी हा रकाना कधी वाचलेलाच नसतो. कोल्हापूर अर्ध्या-पाऊण तासावर, पाहुणे-रावळे तिकडेच, त्यामुळे मधे राज्याची हद्द आहे हे डोक्यातच येत नाही. घरी जाऊन आज वाचा.

क्षेत्र वाढवण्याचा अर्ज २५ नोव्हेंबरला दिला. बेळगाव शहरात राहणाऱ्यांचं परवान्याचं काम पोलीस आयुक्तांकडे असतं आणि उरलेल्या जिल्ह्याचं जिल्हाधिकाऱ्यांकडे. निपाणीहून प्रत्येक खेप जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर होते, म्हणून कागद एकदाच पुरे करून न्या. मूळ परवाना आणि त्याच्या सगळ्या पानांच्या प्रती (कोऱ्या पानांच्यासुद्धा), परवानाधारकाचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, आधार, फोटो, क्लबच्या सदस्यत्वाचं पत्र, स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि ज्या रेंजवर जायचंय त्या रेंजचं, वार आणि वेळ लिहिलेलं पत्र. या शेवटच्या पत्राने कारण स्पष्ट होतं. ते नसेल तर 'क्षेत्र कशासाठी हवं' या एका प्रश्नावर अर्ज परत येऊ शकतो. अर्जाचा मजकूर कन्नडमध्ये टाइप करून घेतला, टाइपिस्टला १५० रुपये. पोचपावती मागून घ्या आणि तिचा मोबाइलवर फोटो ठेवा.

पोलीस पडताळणी डिसेंबरात अडकली. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं आणि जिल्ह्यातली निम्मी पोलीस ठाणी बंदोबस्तावर. त्यात २०२४ चा डिसेंबर म्हणजे १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचं शताब्दी वर्ष, त्याचीही धावपळ. कुणाचा दोष नाही, पण असा अर्ज सप्टेंबरात द्यावा. सुधारलेला परवाना २७ जानेवारीला हातात आला.

मधल्या काळात १०० मीटर सहज मिळत नव्हतं, पण दोन गोष्टी ५० मीटरच्या रेंजवरच तपासता येण्यासारख्या होत्या.

पहिली, गोळीचा वेग. नळीतून ताशी किती, सेकंदाला किती, हे पुस्तकी वाटतं. पण लांबच्या अंतरावरच्या उंचीचं गुपित तिथेच असतं. सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास वेगाने निघालेली गोळी ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्यात नळीच्या रेषेपासून १२ सेंटिमीटर खाली येते. १०० मीटरला ०.३३ सेकंद लागतात आणि ती अर्धा मीटर खाली आलेली असते. वेग १ टक्क्याने कमी पडला की ही घसरण साधारण २ टक्क्यांनी वाढते. ५० सेंटिमीटरचे २ टक्के म्हणजे १ सेंटिमीटर. १२ सेंटिमीटरचे २ टक्के म्हणजे अडीच मिलिमीटर. एवढं लक्षात ठेवा : वेगातला सेकंदाला ३.३ मीटरचा फरक १०० मीटरला १ सेंटिमीटरचा असतो आणि ५० मीटरला नुसता अडीच मिलिमीटरचा. ५० मीटरवर हा दोष नळीच्या नैसर्गिक पसाऱ्यात लपून राहतो.

गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ मित्राचा आणला. नळीच्या तोंडापासून ३ मीटरवर, सावलीत. ट्यूबलाइटच्या उजेडाखाली ठेवू नका, लुकलुकणाऱ्या प्रकाशाने तो खोटे आकडे दाखवतो. काडतुसांचा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप, बदलला की गोळीवरच्या मेणाचा थरही बदलतो आणि नळीला नव्या थराची सवय व्हावी लागते, म्हणून प्रत्येक लॉटच्या पहिल्या दहा गोळ्या मोजल्या नाहीत. मग वीस-वीस. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, फक्त पेटीवरचा लॉट नंबर वेगळा असलेले दोन लॉट. पहिल्याचा सरासरी वेग ३३१, आणि पाच-पाचच्या चार गटांत सर्वांत जलद व सर्वांत मंद गोळीतला फरक सरासरी १४ मीटर. दुसऱ्याचा सरासरी वेग ३२४ आणि फरक ७ मीटर. म्हणजे पहिल्या लॉटने १०० मीटरला फक्त वेगामुळे ४२ मिलिमीटर उंची पसरणार, दुसऱ्याने २१. नोव्हेंबरमधली ती ६१ ची उंची मोठ्या अंशी इथूनच आली होती.

इथे बरेच जण 'हाय व्हेलॉसिटी' काडतुसं घ्यायचा सल्ला देतात. गोळी जोरात गेली की सरळ जाईल, असा समज. हाय व्हेलॉसिटी गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जलद, आणि १०० मीटरला पोहोचायच्या आत आवाजाच्या वेगाखाली येते. ती हद्द ओलांडताना हवेचा विरोध फार असतो, गोळीची स्थिरताही डळमळू शकते. विरोध जास्त म्हणून वारा तिला स्टँडर्ड गोळीपेक्षा जास्त ढकलतो. कागदावर काम करायचं तर स्टँडर्डच.

दुसरी तपासणी पॅरॅलॅक्सची. पॉइंट टू-टूसाठी बनवलेल्या बहुतेक स्वस्त स्कोपचा पॅरॅलॅक्स ५० यार्डांवर, म्हणजे ४५.७ मीटरवर पक्का केलेला असतो. त्या अंतरावर डोळा कुठेही ठेवा, क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) टारगेटवर एकाच जागी राहतो. त्यापलीकडे डोळा सरकला की क्रॉसहेअर सरकतो. किती, ते काढता येतं. पुढच्या काचेची निम्मी रुंदी २० मिलिमीटर, गुणिले अंतरातला फरक ५४.३ मीटर, भागिले ४५.७. उत्तर जवळजवळ २४ मिलिमीटर. म्हणजे गाल स्टॉकवर दर वेळी वेगळ्या जागी टेकला, तर १०० मीटरला नेम कोणत्याही बाजूला २४ मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो, आणि नेमबाजाला क्रॉसहेअर अगदी मधोमध दिसत असतो. तपासायला गोळी लागत नाही. रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, बॅगांवर घट्ट बसवलेली. रायफलला स्पर्श न करता फक्त डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवायचं आणि क्रॉसहेअर कुठे फिरतो ते बघायचं. शंभर मीटर दूरचा विजेचा खांबही चालतो, पण हेही रेंजवरच करा. घराच्या गच्चीवरून रायफल रोखलेली शेजाऱ्याला दिसली, तर पॅरॅलॅक्स समजावून सांगायला वेळ मिळणार नाही.

उपाय दोन केले. गाल दर वेळी एकाच जागी टेकावा म्हणून स्टॉकवर योगा मॅटचा तुकडा कापून चिकटपट्टीने बसवला, डोळा आपोआप स्कोपच्या मध्यावर येईपर्यंत एकेक थर वाढवत. आणि काळ्या कार्डशीटची चकती कापून तिच्या मध्यभागी १६ मिलिमीटरचं गोल भोक पाडून ती स्कोपच्या पुढच्या काचेवरच्या टोपणात बसवली. भोक चामड्याचं काम करणाऱ्याकडच्या पंचने पाडलं, कात्रीने कडा वाकड्या येतात. काच जणू १६ मिलिमीटरची झाली आणि तेच गणित २४ वरून साडेनऊवर आलं. चित्र अंधारतं, पण नऊ पटीत डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत १.८ मिलिमीटरचा राहतो. सकाळच्या उजेडात तो पुरतो. डोळा जरा सरकला की चित्रच काळं होतं, हा वरचा फायदा : चुकीच्या जागेवरून गोळी सुटतच नाही.

२ फेब्रुवारीला पहिल्यांदा कोल्हापूरच्या बाजूला गेलो. मूळ परवाना सोबत, बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळ्या कुलूपबंद डब्यात. मुद्दाम जुनाच लॉट नेला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून. रुंदी ३८, उंची ५७. म्हणजे इतक्या खटपटीनंतर उंचीत अवघे ४ मिलिमीटर. इथे खूप जण निराश होऊन केलेला बदल काढून टाकतात, आणि नेमकं हेच करू नये. निरनिराळ्या कारणांच्या चुका सरळ बेरजेने मिसळत नाहीत. प्रत्येकीचा वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. २५ ची एक आणि ४२ ची एक चूक मिळून ६७ होत नाहीत, ४९ होतात. त्यातली २५ ची पूर्ण घालवली तरी ४२ उरतातच. ग्रुप सातच मिलिमीटरने आकसलेला दिसतो आणि वाटतं, हे कारणच नव्हतं. मोठी चूक घालवेपर्यंत छोट्या दुरुस्तीचं चीज दिसत नाही.

१६ फेब्रुवारीला दुसरा लॉट. आधी दहा गोळ्या नळीला, मग दहा झिरोइंगला (मारा नेमाच्या बिंदूवर आणायला), कारण सरासरी वेग ७ मीटरने कमी म्हणजे मारा १०० मीटरला २ सेंटिमीटर खाली जाणार, तो तसाच गेला. मग पाच ग्रुप. उंची ३६. रुंदी ३८ वरच. काडतुसांची पेटी उन्हात ठेवायची नाही, हेही त्या दिवसापासून. दारू तापली की वेग बदलतो. जेवणाच्या डब्याची जाड अस्तराची पिशवी यासाठी उत्तम. बोल्ट बंद करून नेम धरत बसायचं नाही, गरम नळीत काडतूस शेकतं.

उरली रुंदी, म्हणजे वारा आणि रायफलचा कल. सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा, ज्याने सदऱ्याची बाहीसुद्धा नीट हलत नाही, तो ही गोळी ५० मीटरला सुमारे ६ मिलिमीटर आणि १०० मीटरला अडीच सेंटिमीटर ढकलतो. रेंजच्या बांधापलीकडे उसाचा फड होता आणि सगळे त्याच्या पाल्याकडे बघून वारा ठरवत होते. पण तो वारा बांधावरचा. गोळी बांधांच्या मधून खालून जाते आणि तिथे वारा भिंतीला आपटून उलटाही फिरतो. २ मार्चला २५, ५० आणि ७५ मीटरवर सायकलच्या तारांना हातभर लाल लोकर बांधून त्या रोवल्या. खर्च ४० रुपये. तिन्हीत २५ मीटरच्या लोकरीला सर्वांत जास्त मान द्या, कारण तिथे गोळीला लागलेला धक्का पुढचे ७५ मीटर वाढत जातो. तिन्ही धागे लोंबकळत असतील तेव्हाच गोळी सोडायची, नाहीतर थांबायचं. सकाळी ७ ते साडेआठ एवढीच खिडकी मिळते. दहानंतर जमिनीच्या वाफेने टारगेटचं चित्रच पोहत राहतं.

कलासाठी स्कोपच्या नळीवर ४५० रुपयांची बुडबुड्याची लेव्हल बसवली. रायफल २ अंश कलली तर १०० मीटरला गोळी १.७ सेंटिमीटर बाजूला जाते, कारण अर्धा मीटर घसरणीची भरपाई आपण तिरक्या दिशेने करतो. ५० मीटरला हेच ४ मिलिमीटर. बॅगेवर २ अंशांचा कल डोळ्याला कळत नाही.

त्या सकाळचे पाच ग्रुप : रुंदी ३१, उंची ३५. ५० मीटरच्या आकड्यांची दुप्पट होती ३० आणि ३२. आता जे उरलं आहे ते नळीचं, बॅगेचं आणि हाताचं आहे, आणि त्याचं काम ५० मीटरवरच होईल. त्यासाठी कोगनोळी ओलांडायची गरज नाही.

दुसऱ्या लॉटच्या १०० गोळ्या दुकानातून आणखी घेतल्या. आधी परवान्यावरची वर्षाची मर्यादा बघितली, दुकानदाराकडून नोंद करून घेतली, आणि पेट्यांवरचा लॉट नंबर त्याच्यासमोरच वहीतल्या नंबराशी ताडून बघितला. तिसऱ्या पेटीवरचा नंबर वेगळा निघाला. ती परत केली.